लूचो, लुसियस आणि रात्री जन्मलेलं बाळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाळ रात्री पावणेबाराला झालं. नवरा इटालियन, त्याच्या आजोबांचं नाव लूचो, आणि पहिल्या पणतवाला तेच नाव द्यायचं हे सासरी जवळजवळ ठरल्यातच जमा आहे. तुम्हाला त्याचं मूळ लॅटिन रूप, लुसियस, जास्त भारदस्त वाटतं. नेटवर शोधलंत तर एकीकडे अर्थ ‘प्रकाश’, दुसरीकडे ‘पहाटे जन्मलेला’, तिसरीकडे थेट ल्युसिफरशी नातं. आणि साताऱ्याहून तुमची आई म्हणते आहे, की नावाचा अर्थ धड कळल्याशिवाय ते पाळण्यात घालायचं नाही; शिवाय मध्यरात्रीच्या पोराला पहाटेचं नाव कशाला?

मी बरीच वर्षं लॅटिन शिकवते. माझ्याकडे सेमिनरीतली मुलं येतात, कायद्याची येतात, वनस्पतिशास्त्रवाले येतात, आणि नाव ठेवण्याच्या घाईत असलेले आईबापही येतात. त्यांना मी सुरुवातीलाच सांगते, की ‘अर्थ काय’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. शब्द कुठून आला, हा पहिला. ज्यांनी ते नाव लावलं त्यांना त्यातून काय कळत होतं, हा दुसरा. आणि आज ते कोणाच्या तोंडी कसं बसेल, हा तिसरा. तुमच्या नावाबाबत पहिल्याचं उत्तर पक्कं आहे. दुसऱ्याचं उत्तर ऐकून आईंना थोडा धक्का बसेल. तिसरं तुमच्या घरावर अवलंबून आहे. तिथे मी फक्त खड्डे कुठे आहेत ते दाखवू शकते.

शब्दापासून सुरू करू. लॅटिनमध्ये प्रकाशाला ‘लुक्स’ म्हणतात. विभक्तीचे प्रत्यय लागले की मूळ ‘लूक्’ दिसतं. त्याच मुळापासून ‘लूमेन’ म्हणजे उजेड, ‘लूना’ म्हणजे चंद्र, ‘लुकेर्ना’ म्हणजे दिवा. ‘लूकियुस’ (लुसियसचा मूळ लॅटिन उच्चार) हे नाव याच कुटुंबातलं, हे आजचे भाषाशास्त्रज्ञ मानतात आणि रोमन विद्वानही मानत होते. तेव्हा ज्यांनी ‘प्रकाश’ लिहिलंय ते चुकलेले नाहीत.

आता आईंसाठी. या लॅटिन ‘लूक्’चं संस्कृतातलं भावंड म्हणजे ‘रुच्’ धातू. लॅटिनच्या ‘ल’ला संस्कृतात अनेकदा ‘र’ भेटतो. ‘रुच्’चा मूळ अर्थ चमकणं, जे चमकतं ते डोळ्यांत भरतं, म्हणून पुढे आवडणं, आणि तिथून आपली ‘रुची’. याच धातूपासून ‘रुक्म’, म्हणजे झळाळणारं सोनं किंवा सोन्याचा अलंकार, आणि रुक्मपासून रुक्मिणी. म्हणजे पंढरपूरची रखुमाई आणि रोमचा लूकियुस यांचं मूळ एकाच धातूत आहे. ही ओढूनताणून जमवलेली व्युत्पत्ती नव्हे. तौलनिक भाषाशास्त्राच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात हे शब्द एका रांगेत मांडलेले असतात. मराठी आजीला लुसियस परका वाटू नये म्हणून मला ठाऊक असलेला सगळ्यांत सरळ युक्तिवाद हाच.

मग ‘पहाटे जन्मलेला’ कुठून आलं? तेही हवेतून आलेलं नाही. इ.स.पू. पहिल्या शतकातला व्हारो हा रोमन विद्वान सांगतो, की सकाळी जन्मला तो मानियुस, उजेडी जन्मला तो लूकियुस आणि बाप वारल्यानंतर जन्मला तो पोस्तुमुस. नंतरच्या एका छोट्या लॅटिन टिपणात हाच खुलासा देऊन पुढे पुस्ती जोडली आहे, की काहींच्या मते हे नाव एत्रुस्कन लोकांच्या ‘लुकुमो’वरून आलं. एत्रुस्कन म्हणजे रोमच्या उत्तरेचे शेजारी, आणि लुकुमो ही त्यांच्याकडच्या सरदार-राजांची पदवी. या पुस्तीमागे एक कथा आहे. तार्क्विनी गावाहून लुकुमो नावाचा एक श्रीमंत मनुष्य रोमला आला, त्याने आपलं नाव लूकियुस तार्क्विनियुस करून घेतलं आणि पुढे तो रोमचा राजा झाला, असं रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. आजच्या काळात परदेशी गेलेला संजय ‘सॅम’ होतो तसा हा प्रकार. कथेवरून व्युत्पत्ती ठरवता येत नाही. एत्रुस्कन शब्द लॅटिन कानांना लूकियुससारखा लागला, एवढंच त्यातून निघतं. मी प्रकाशाच्या बाजूने आहे.

पण व्हारोचं वाक्य वाचून लोक एक चुकीचा निष्कर्ष काढतात, आणि तुमच्या आईंची शंका तिथेच उभी आहे. व्हारो नावाचा उगम सांगतो आहे, नाव ठेवण्याचा नियम सांगत नाही. आपल्याकडे सोमवारी जन्मला म्हणून सोमा, बुधवारचा म्हणून बुधाजी अशी नावं पडली. पण एकदा घराण्यात पणजोबा बुधाजी झाले, की पणतू कुठल्या वारी जन्मला हे कोण बघतं? रोममध्ये हे फार आधीच घडून गेलं होतं. क्विंतुस म्हणजे पाचवा, सेक्स्तुस म्हणजे सहावा, देकिमुस म्हणजे दहावा. पण प्रसिद्ध वक्ता सिसेरोचा धाकटा भाऊ क्विंतुस, तो दोन भावांतला दुसरा! त्याच्या घरच्यांना गणित येत नव्हतं असं नाही. ते नाव घराण्यात चालत आलेलं होतं, बस. म्हणून ‘लुसियस म्हणजे पहाटे जन्मलेला’ हे उगमापुरतं ठीक. सिसेरोच्या काळातल्या एखाद्या लूकियुसला कोणी विचारलं असतं, ‘तू पहाटेचा का रे?’ तर तो विचारणाऱ्याकडे बघत राहिला असता.

हाच तो धक्का. रोमन बाप मुलासाठी अर्थ शोधत बसत नसे. त्याला शोधायला फारसं काही नव्हतंच. प्रजासत्ताकाच्या उत्तर काळात मुलांना ठेवायची पहिली नावं नेहमीच्या वापरात जेमतेम १७-१८ उरली होती. त्यातही गायुस, लूकियुस आणि मार्कुस या तिघांनी निम्मं रोम व्यापलेलं. म्हणून शिलालेखात नाव पूर्ण कोरायचीही गरज नसे. लूकियुससाठी नुसता ‘एल’ पुरे. त्यापुढे कुळाचं नाव, मग वडिलांच्या नावाचं अक्षर, मग शाखेचं नाव. स्वतःचं, वडिलांचं आणि घराण्याचं अशी नावाची मांडणी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. इंग्रज विद्यार्थ्यांना ती शिकवताना माझे सहकारी घाम गाळतात.

थोरल्या मुलाला बहुधा बापाचंच नाव मिळे. लूकियुस एमिलियुस पाउलुस इ.स.पू. २१६ मध्ये कान्नाईच्या रणांगणावर कार्थेजच्या हॅनिबलविरुद्ध लढताना पडला. इ.स.पू. १६८ मध्ये पिद्नाच्या लढाईत मॅसिडोनियाच्या राजाला हरवणारा सेनापतीही लूकियुस एमिलियुस पाउलुसच. तो त्याचा मुलगा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांची यात तारांबळ उडते. दोमितियुस घराण्याने तर हद्द केली. त्यांच्यात लूकियुस आणि ग्नेयुस ही दोनच नावं चालत. सम्राटांची चरित्रं लिहिणारा स्वेतोनियुस लिहितो, की आधी ओळीने तिघे लूकियुस झाले, मग तिघे ग्नेयुस, आणि पुढे आलटून पालटून. या रांगेतला शेवटचा मुलगा इ.स. ३७ मध्ये जन्मला. बाप ग्नेयुस, म्हणून पोरगा लूकियुस. तो कोण माहीत आहे? सम्राट नीरो. इ.स. ५० मध्ये सम्राट क्लाउदियुसने त्याला दत्तक घेतलं तेव्हा लूकियुस गळालं आणि नीरो हे नाव पुढे आलं.

योगायोग असा, की तो ज्या क्लाउदियुस कुळात गेला तिथे लूकियुस नाव वर्ज्य होतं. या नावाचे कुळात दोघे निपजले. एक दरोडेखोरीत दोषी ठरला, दुसरा खुनात. तेव्हा कुळाने एकमताने ते नाव टाकून दिलं, असं स्वेतोनियुसच सांगतो. मानलियुस कुळानेही असंच केलं होतं: इ.स.पू. ३८४ मध्ये त्यांच्यातल्या एका मार्कुसला राजा होऊ पाहिल्याच्या आरोपावरून देहदंड झाला, त्यानंतर त्या कुळात मार्कुस ठेवायचं नाही असं ठरलं. मी हे मुद्दाम सांगते आहे. रोमन लोक नावाला शुभ-अशुभ मानत नव्हते असं नाही, पण त्यांचं शुभाशुभ शब्दाच्या अर्थात नव्हतं. ते नाव आधी कोणी लावलं, त्याने काय दिवे लावले, यात होतं. तुमच्या सासरकडची मंडळी नेमकं तेच म्हणताहेत: पणजोबा लूचो भला माणूस होता, त्याचं नाव पुढे चालू दे. आणि आई विचारते, शब्दाचा अर्थ काय. दोघांचं भांडण नाहीच. दोन्ही घरं वेगळ्या गोष्टीला ‘अर्थ’ म्हणताहेत.

नाव किती सर्रास होतं याची दोन गंमतीदार उदाहरणं देते, मग पुढे जाऊ. हुकूमशहा सुल्लाचं पूर्ण नाव लूकियुस कोर्नेलियुस सुल्ला. गुलामाला मुक्त केलं की तो मालकाचं पहिलं नाव आणि कुळनाव लावी. सुल्लाने दहा हजारांहून अधिक गुलाम मुक्त केले असं इतिहासकार अप्पियन लिहितो. म्हणजे रोमच्या रस्त्यावर ‘लूकियुस कोर्नेलियुस’ अशी हाक मारली असती, तर काय झालं असतं याची कल्पना करा. दुसरं उदाहरण कायद्यातलं. आपल्या कायद्याच्या पुस्तकांत ‘अ ने ब ला घर विकले’ असतं ना, तसा रोमन कायदेपंडितांचा ठरलेला काल्पनिक माणूस म्हणजे लूकियुस तितियुस. सम्राट जस्टिनियनच्या काळात, इ.स. ५३३ मध्ये पूर्ण झालेल्या डायजेस्ट या कायदेसंग्रहात हा लूकियुस तितियुस पानोपानी मृत्युपत्र करतो, कर्ज घेतो, कर्ज बुडवतो. माझ्याकडे येणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो पहिल्याच महिन्यात भेटतो.

आता रात्रीच्या बाळाकडे. तुम्हाला अर्थ जपायचाच असेल, तर पहाटेचा हट्ट सोडा आणि ‘उजेडात येणं’ हा अर्थ धरा. रोमन स्त्रिया बाळंतपणात जिला हाक मारत ती देवी म्हणजे यूनो लुकीना. एस्क्विलिन टेकडीवर तिचं देऊळ इ.स.पू. ३७५ मध्ये उभं राहिलं, आणि १ मार्चला विवाहित स्त्रियांचा सण तिच्या नावाने होई. लुकीना हे विशेषण व्हारो प्रकाशावरूनच आणतो: जी बाळाला उजेडात आणते ती. देवळाभोवतीच्या राईवरून, म्हणजे ‘लूकुस’वरून, हे नाव पडलं असं म्हणणारेही तेव्हा होते, कवी ओविद दोन्ही शक्यता सांगून मोकळा होतो. पण बाळंत होणं म्हणजे उजेडात आणणं ही कल्पना लॅटिनमध्ये इतकी मुरलेली आहे, की तुमच्या नवऱ्याच्या भाषेत आजही मूल जन्माला घालण्याला ‘दारे आल्ला लूचे’, उजेडाला देणं, असं म्हणतात. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्येही तसंच. त्यात घड्याळाचा काही संबंध नाही. पावणेबाराला झालेलं बाळही उजेडातच आलं की.

आणखी एक. या नावाचं स्त्रीरूप लूचिया. सिसिलीतल्या सिराक्यूजची संत लूचिया, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला हौतात्म्य आलेली, तिचा सण १३ डिसेंबरला असतो. १५८२ च्या कॅलेंडर सुधारणेआधी, मध्ययुगाच्या शेवटच्या शतकांत, वर्षातली सर्वांत मोठी रात्र याच तारखेच्या आसपास येत असे. प्रकाशाच्या नावाची संत आणि वर्षातली सर्वांत लांब रात्र! रात्री जन्मलेल्या मुलाला हे नाव शोभत नाही असं म्हणणाऱ्यांना १३ डिसेंबरला मेणबत्त्या घेऊन निघणाऱ्या स्वीडनच्या मुली दाखवा.

ल्युसिफरची भीती मात्र दोन वाक्यांत काढून टाकता येत नाही, थोडं थांबते. ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश आणि ‘फेरे’ म्हणजे वाहून आणणं (आपला ‘भृ’, भार वाहणं, तोच हा धातू). लूकिफेर म्हणजे प्रकाश आणणारा, आणि रोमन माणसासाठी तो होता पहाटेचा शुक्रतारा. बायबलमध्ये यशयाच्या ग्रंथात बाबिलोनच्या राजाला उद्देशून एक टोमणा आहे: पहाटेच्या ताऱ्या, तू आकाशातून कसा पडलास! लॅटिन भाषांतरात तिथे ‘लूकिफेर’ आलं. पुढे ख्रिस्ती भाष्यकारांनी त्या ओळीत सैतानाचं पतन पाहिलं आणि शब्द बदनाम झाला. तरीही चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावर कालियारीचे बिशप होते, त्यांचं नाव लूकिफेरच. आणि ईस्टरच्या आदल्या रात्री गायल्या जाणाऱ्या लॅटिन स्तोत्रात आजही ‘लूचिफेर मातुतीनुस’, पहाटेचा तारा, प्रेमाने येतो. म्हणजे लूकियुस आणि लूकिफेर एकाच मुळाचे, हे खरं. पण त्याने नाव बाटत असेल तर ‘लूमेन’, ‘लूना’ आणि आपली रुक्मिणीही बाटायला हवी. मला ही शंका अर्थहीन वाटते. सासरी कोणाला ती शिवलीही नसेल.

नेटवर आणखी काय काय सापडेल ते आधीच सांगून ठेवते. लॅटिनमध्ये ‘लूकियुस’ नावाचा एक मासाही आहे, गोड्या पाण्यातला, लांब जबड्याचा, हावरा. चौथ्या शतकातला कवी औसोनियुस मोझेल नदीचं वर्णन करताना या माशाच्या रोमन नावाची थट्टा करतो. प्राणिशास्त्रात त्याचं नाव ‘इसॉक्स लुसियस’. इटालियनमध्ये मासा ‘लुच्चो’, जोडाक्षर आणि जोर देऊन, आणि माणूस ‘लूचो’. लुईस किंवा लुईश हे नाव वेगळंच. ते जर्मानिक मुळाचं, कीर्ती आणि लढाई या दोन शब्दांचं. गोव्यात दोन्ही ऐकू येतात म्हणून लोक गल्लत करतात. लूक किंवा लुकास हे ग्रीक ‘लूकास’वरून, ते लूकियुसचंच लाडकं रूप असू शकतं, किंवा दक्षिण इटलीतल्या लुकानिया प्रदेशाशी जोडलेल्या नावाचं. दुवा आहे, पण तेच नाव नव्हे.

इथवरचं गोळा करते. मूळ प्रकाशात, हे निश्चित. पहाटेची गोष्ट जुनी आणि प्रामाणिक, पण रोमन काळातच ती मागे पडली होती. एत्रुस्कन मूळ ही बाजूची कुजबुज. सैतानाशी संबंध नाही. आता तिसरा प्रश्न.

साम्राज्याच्या उत्तरकाळात रोमनांची ती तीन भागांची नावपद्धत मोडली आणि पहिली नावं मागे पडली. लूकियुस टिकलं ते मुख्यतः चर्चमुळे. बायबलच्या प्रेषितांच्या कृत्यांत कुरेनेचा लूकियुस आहे, आणि या नावाचे तीन पोप झाले. पहिला २५३-५४ मध्ये, तिसरा ११८५ मध्ये वारला. स्वित्झर्लंडमधल्या कूर शहराचा संरक्षक संत लूकियुस, म्हणून त्या भागात ‘लूत्सियुस’ हे नाव अजून चालतं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रोमन नावांची हौस होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती होते लुसियस क्विंटस सिनसिनाटस लामार. नांगर सोडून हुकूमशहा झालेल्या आणि काम संपताच परत नांगराकडे गेलेल्या रोमन पुढाऱ्याचं अख्खं नाव घरच्यांनी उचललं खरं, पण त्याचं कुळनाव क्विंक्तियुस होतं. दोन अक्षरं गळली आणि कुळाचा ‘पाचवा’ झाला. इंग्रजीत मात्र आज हे नाव कादंबऱ्या आणि सिनेमांतल्या कपटी सरदारांना चिकटलंय. मुलगा इंग्रजी शाळेत जाणार असेल तर हे लक्षात असू द्या.

इटलीत लूचो हे आजोबांच्या पिढीचं, पण मुळीच न लाजवणारं नाव आहे. लूचो दाल्ला आणि लूचो बात्तिस्ती हे दोन मोठे गायक, मार्च १९४३ मध्ये एका दिवसाच्या अंतराने जन्मलेले, साऱ्या देशाला पाठ आहेत. गोव्यात हेच नाव पोर्तुगीजमार्गे लुसियो म्हणून आलं. लोकसाहित्याचे अभ्यासक लुसियो रॉड्रिग्ज यांचं नाव काहींना आठवेल. लुसियानो आणि लुझिया तर गोव्यात घरोघरची. म्हणजे कोकणी-मराठी कानाला हे नाव अगदीच नवं नाही.

किंबहुना या नावाचं पहिलं अक्षर भारतात दोन हजार वर्षांपूर्वीच उतरलंय. सम्राट ऑगस्टसने आपले दोन नातू, गायुस आणि लूकियुस, दत्तक घेऊन वारस केले. लूकियुसचा जन्म इ.स.पू. १७चा, तो इ.स. २ मध्ये, ऐन तारुण्यात, आजच्या मार्सेला वारला, आणि थोरलाही दोन वर्षांत गेला. पण त्याआधी त्यांच्या सन्मानार्थ फ्रान्समधल्या ल्योंच्या टांकसाळीत चांदीची देनारी नाणी पडली: ढाली-भाले घेऊन उभे दोघे भाऊ, आणि कडेने कोरलेल्या नावांत गायुससाठी ‘सी’, लूकियुससाठी ‘एल’. मिऱ्यांच्या व्यापारात ही नाणी दक्षिण भारतात इतकी आली, की तमिळनाडू आणि आंध्रातल्या रोमन साठ्यांत ती हमखास सापडतात. इथल्या कारागिरांनी त्यांच्या नकलाही पाडल्या. सातारकर आजींना नाव परदेशी वाटत असेल तर ही गोष्ट जरूर सांगा.

उच्चाराकडे येते, कारण खरा खड्डा इथे आहे. अभिजात लॅटिनमध्ये ‘सी’चा उच्चार नेहमी ‘क’, म्हणून लूकियुस. ग्रीकांनी हे नाव ‘लूकिओस’ असं लिहून ठेवलंय, तो पुरावा. चर्चच्या लॅटिनमध्ये लूचियुस. इंग्रजीत लूशस किंवा लूसियस. इटालियनमध्ये लूचो, त्यात ‘आय’ लिहायचा पण म्हणायचा नाही. आणि मराठी वर्गात? ‘लूचो’ची ‘लुच्चा’ व्हायला एक मधली सुट्टी पुरते. हे तुम्हाला कोणी स्पष्ट सांगितलं नसेल, पण माझा कयास आहे की आईंच्या हरकतीत पहाटेपेक्षा याचाच वाटा मोठा असावा. मूल इटलीतच वाढणार असेल आणि साताऱ्याला उन्हाळ्यापुरतं येणार असेल, तर मी याची फिकीर करणार नाही. आजी घरात काय हाक मारते ते महत्त्वाचं. पण पुढेमागे पुण्यात परतायचा विचार असेल, तर विचार करा.

मी तुमच्या जागी असते तर कागदावर लूचो ठेवलं असतं. लुसियस भारदस्त दिसतं खरं, पण इटलीत ते पुतळ्याखालच्या पाटीवरचं नाव वाटेल, आणि पणजोबांचं नाव द्यायचं म्हणून निघालात ते त्यांचं राहणारच नाही. भारदस्तपणाच हवा असेल तर लुचानो हा मधला मार्ग आहे. तो ‘लुच्चा’पासून दोन पावलं लांबही आहे. मात्र ते मुळात लूकियुसवरून निघालेलं ‘लूकियानुस’, लूकियुसच्या घरचा, म्हणून सासरी आधी विचारून घ्या. घरात रोमन थाटच हवा असेल तर हाक मारताना लॅटिन नियम लावा: ‘-इयुस’ने संपणाऱ्या नावाचं संबोधन ‘-ई’ होतं, म्हणून लूकियुसला हाक ‘लूकी!’ मराठी घरात ती दुसऱ्या दिवसापासून रुळेल.

दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. इटलीच्या २०००च्या नागरी नोंदणी नियमावलीप्रमाणे हयात असलेल्या वडिलांचं किंवा हयात भावाबहिणीचं नाव मुलाला ठेवता येत नाही. (ज्या भूमीत बापाचंच नाव थोरल्याला देत, तिथे हा नियम!) पणजोबांच्या नावाला यात अडचण नाही, नवऱ्याचं स्वतःचं पहिलं नावही लूचो असेल तर मात्र आधी नगरपालिकेत विचारा. आणि भारतीय कागदांसाठी स्पेलिंग जन्मदाखल्याशी अक्षरशः जुळवा. देवनागरीत ‘लूचो’ दीर्घ ऊने आणि एकेरी चने लिहा, म्हणजे वाचणारा ‘लुच्चो’ म्हणणार नाही.

आई पत्रिका मानत असतील तर एक जाता जाता: भरणी नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं ली, लू, ले, लो. बाळ भरणीच्या दुसऱ्या चरणावर आहे का ते बघा. असेल तर तुमचं काम त्याच दिवशी झालं. नसेल तर नावरसाचं नाव वेगळं ठेवायची पद्धत आहेच, आणि ते बाळाच्या कानात सांगायचं असतं, इटलीच्या नोंदवहीत नाही.